जंगल वनखात्याचं, पैसे बिल्डरचे

बदलापूर पूर्वेला एका होर्डिंगवर सध्या घनदाट अरण्य माजलंय. झाडीत काचेचं घर, घराच्या ओट्यावर चहा पिणारं गोरंगोमटं जोडपं आणि खाली मजकूर: ‘नामवंत आर्किटेक्टने साकारलेलं वनराईतलं घर. मुंबईपासून हाकेच्या अंतरावर.’

बिल्डर खोटं बोलतात, अशी लोकांची उगाच समजूत आहे. मी माहितीपत्रक बारकाईने वाचलं. सगळं खरं आहे. आता सीएसएमटी बदलापूरहून 68 किलोमीटर आहे. पण हाक किती जोरात मारायची हे त्यांनी कुठे लिहिलंय?

घर आर्किटेक्टने काढलंय, हे मुद्दाम सांगावं लागतं याचं परगावच्या माणसाला नवल वाटेल. त्याने उल्हासनगर पाहिलेलं नसतं. तिथल्या 855 बेकायदा इमारती पाडायचा हुकूम न्यायालयाने दिला, तेव्हा सरकारने 2006 साली खास त्या शहरासाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला. इमारत पाडण्यापेक्षा नियम पाडायला कमी खर्च येतो. असल्या शेजारात नकाशा आधी आणि घर नंतर, ही चैनच म्हणायची.

तशी या पट्ट्यात एक रचना आहे, निसर्गाच्या सान्निध्यातली आणि खरोखर कुणा जाणत्याने आखलेली. अंबरनाथचं शिवमंदिर. शिलाहारांच्या काळातलं, वालधुनीच्या काठचं. शिलालेखात साल आहे 1060. भोगवटा प्रमाणपत्र मात्र नाही, त्यामुळे कर्ज मिळणं कठीण. तीच वालधुनी पुढे उल्हासनगरात शिरली की कारखान्यांच्या कृपेने रंग बदलते. म्हणजे ‘रंगीबेरंगी निसर्ग’ हेही खरंच.

‘नदीचा सहवास’ तर खात्रीचा. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीने बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढा घातला. हजाराच्या आसपास प्रवासी बाहेर काढायला बोटी आणाव्या लागल्या. ‘पूररेषा’ हा शब्द माहितीपत्रकात नाही. तो वाचून मन प्रसन्न होत नाही ना.

‘वन्यजीवांचा शेजार’ हेही थाप नाही. त्याच वर्षी जानेवारीत उल्हासनगरात एका बंगल्यात बिबट्या शिरला. बहुधा सॅम्पल फ्लॅट बघायला आला असावा. वनखात्याच्या माणसांनी त्याला बेशुद्ध करून नेलं. बाकीचे ग्राहक किंमत ऐकून आपणहून होतात.

किमतीवरून आठवलं. ‘फॉरेस्ट व्ह्यू’चे पैसे वेगळे आहेत, स्क्वेअर फुटावर. समोरचा डोंगर वनखात्याचा, त्याच्यावरचं धुकं पावसाचं, मधल्या जांभळीला भौगोलिक मानांकन बदलापूरच्या नावाने. यातलं बिल्डरचं काय? खिडकी. आणि खिडकीतून दिसणाऱ्या मोकळ्या जागेचा सातबारा.

साइट ऑफिसातल्या मुलाला मी तेवढंच विचारलं, या मोकळ्या जागेवर पुढे काय होणार? तो फार गोड मुलगा होता. म्हणाला, “काका, तिथे आपलीच फेज टू येतेय. बावीस मजली.”

“मग आमचं जंगल?”

“तेच तर सांगतोय. फेज टूमध्येच घ्या ना. तिथून मस्त दिसतं.”