बंदोबस्ताला गर्भाशय कशाला?

नाशिक ग्रामीण पोलिसांच्या २०१८च्या भरतीत एक तरुणी मैदानी आणि लेखी, दोन्ही परीक्षांत पास झाली. वैद्यकीय तपासणीत मात्र तिला गर्भाशय आणि बीजकोश नसल्याचं दिसलं, गुणसूत्रांच्या अहवालात ‘एक्स-वाय’ आलं आणि महिलांच्या जागेवरची निवड अडली. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेल्या बाईला स्वतःच्या शरीराची ही ओळख नोकरी हातची जाताना झाली. मे २०२२मध्ये यात तिचा काही दोष नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं. सरकारने पोलीस खात्यातच, पण शिपाईपदाऐवजी दुसरं काम देण्याची तयारी दाखवली. शिपाई का नाही? मैदान तिने मारलं होतं. गणपतीच्या बंदोबस्ताला उभं राहायला गर्भाशय लागतं का?

खेळातही हेच घडतं. पुण्याने जुलै २०१३मध्ये बालेवाडीत धावपटू द्युती चंदला आशियाई स्पर्धेत दोनशे मीटरचं कांस्यपदक जिंकताना पाहिलं. वर्षभरातच तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळलं, कारण शरीरात मुळातच टेस्टोस्टेरॉन जास्त. ती क्रीडा लवादापर्यंत लढली आणि २०१५मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेचा तो नियमच स्थगित झाला.

आपल्याला वाटतं, तृतीयपंथी, जोगते आपल्या परंपरेतलेच, म्हणजे आपल्याला अशा शरीरांबद्दल सगळं कळतं. नाही कळत. तृतीयपंथी असणं हा स्वतःच्या लिंगओळखीचा भाग. इंटरसेक्स असणं म्हणजे गुणसूत्रं, संप्रेरकं किंवा जननेंद्रियं स्त्री-पुरुषाच्या ठरावीक साच्यात न बसणं. काही जणींत गुणसूत्रं एक्स-वाय असतात, पण शरीर पुरुषी संप्रेरकांना प्रतिसादच देत नाही. बाहेरून शरीर मुलीचंच घडतं, फक्त पाळी येत नाही. अशी मुलगी स्वतःला बाईच म्हणवते, आणि ते तिनेच ठरवायचं. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९च्या कायद्याने मात्र इंटरसेक्स माणसांनाही ‘ट्रान्सजेंडर’च्या व्याख्येत कोंबलं. पुण्यात समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे यांनी मराठीत या विषयावर पुस्तक लिहिलं. डॉक्टरांनी आणि भरतीच्या अधिकाऱ्यांनी ते उघडावं.

सर्वांत निकड आहे ती इंटरसेक्स बाळांची. जननेंद्रियं ‘नीट’ करायच्या शस्त्रक्रिया बाळ बोलायच्या आत उरकल्या जातात, लोक काय म्हणतील या धास्तीने. एप्रिल २०१९मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्या थांबवायला सांगितलं आणि तमिळनाडू सरकारने ऑगस्टमध्ये आदेश काढला. आपल्या आरोग्य खात्यानेही तो काढावा: जिवाला धोका नसेल तर सुरी लावायची नाही. मोठं झाल्यावर काय करायचं ते ज्याचं शरीर तो ठरवेल.