पूर्वतयारीचे सर

सरांच्या घरी चहाआधी चहाची माहिती मिळते. निलगिरी वेगळा, आसाम वेगळा, साखर कधी, पत्ती कधी. हे नीट समजून कप हाती येतो तेव्हा चहावर जाड साय धरलेली असते. "घाई नको," सर म्हणतात, "चहा प्यायलाही मनाची तयारी लागते."

साताऱ्याकडे पस्तीस वर्षं शिकवून सर मुलाकडे गुम्मिडिपूंडीला राहायला आले. चेन्नई सेंट्रलहून येणाऱ्या बऱ्याचशा लोकल इथवरच येतात. पुढे थोड्याच अंतरावर आंध्र. सिपकॉटच्या कारखान्यांमुळे आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, ओडिया आणि गावची तमिळ अशी सगळी पोरं एकत्र हुंदडतात. इतकी मुलं कसलीही तयारी न करता मोठी होताहेत, हे सरांना बघवेना. त्यांनी शनिवारचा वाचनवर्ग काढला. मुलं त्यांना 'सार' म्हणू लागली. मला मदतनीस नेमलं, म्हणजे तक्त्याचं वरचं टोक धरायला.

पुस्तक ठरलं 'मिसेस फ्रिस्बी अँड द रॅट्स ऑफ निम्ह'. एक विधवा उंदरीण, तिचं आजारी पोर, घरावरून फिरणार असलेला शेतकऱ्याचा नांगर, आणि तिच्या मदतीला प्रयोगशाळेतून पळालेले, लिहिता-वाचता येणारे मोठे उंदीर. सरांनी सहा प्रती आणल्या आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं.

"आत्ताच हातात दिली," ते मला हळूच म्हणाले, "तर मुलं वाचायला लागतील."

पहिला शनिवार लेखकाचा. रॉबर्ट सी. ओब्रायन हे टोपणनाव. खरं नाव रॉबर्ट लेस्ली कॉन्ली. नोकरी 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये. पुस्तक १९७१चं, न्यूबेरी पदक १९७२चं. हे सगळं समास आखून वहीत उतरलं. दुसरा शनिवार 'निम्ह'चा, म्हणजे अमेरिकेतल्या मानसिक आरोग्य संस्थेचा. तिथल्या जॉन कॅलहून यांनी १९६८ साली चार जोड्या उंदीर एका बंदिस्त जागेत सोडले, खाणंपिणं मुबलक दिलं. आठाचे २२०० झाले आणि मग ती वसाहत हळूहळू संपली.

"सार, त्यांना वाचता यायचं?" एका मुलीनं विचारलं.

"नाही."

"मग पुस्तकातल्यांना कसं येतं?"

सरांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून शंकापेटीत टाकला. शंकापेटी शेवटच्या शनिवारी उघडायची होती.

तिसऱ्या शनिवारी पंचतंत्रातला हिरण्यक आला. बिळाखाली धन पुरलेलं होतं तोवर त्याच्या उड्या उंच जात. धन गेलं आणि उडीही गेली. चौथ्या शनिवारी सिनेमा. १९८२च्या चित्रपटात फ्रिस्बीबाईंचं नाव ब्रिस्बी केलं, कारण फ्रिस्बी नावाची उडती तबकडी बाजारात होती. पुरावा म्हणून सरांनी खरीच तबकडी आणली. त्या दिवशी वर्ग दिवेलागणीपर्यंत मैदानावर चालला. उपस्थिती शंभर टक्के.

पाचवा शनिवार बिळाचा. सरांनी चार रंगांत बीळ काढलं होतं. इरुळर वस्तीतला एक मुलगा उठून तक्त्यापाशी आला. भातकापणी झाली की तो आजोबांबरोबर उंदीर धरायला बांधावर जातो.

"सार, इथं धान्याची खोली पाहिजे. आणि हे पळायचं दार उघडं काढलंय. ते मातीनं बुजवलेलं असतं, वरून दिसत नाही. आजोबा मडक्यात धूर करून एका तोंडातून फुंकतात, तेव्हा उंदीर तिकडून फुटतो." मग बिळातलं भात उकरून घरी कसं नेतात, तेही त्यानं सांगितलं.

"मोठा असला तर पंदिकोक्कु!" मागून एक तेलुगू पोरगी ओरडली.

सरांचा चेहरा पडला. आपण जिला घूस म्हणतो तिचा हा तेलुगू शब्द. इंग्रजीतला 'बँडिकूट' त्याच्यावरूनच आला. सर हे सातव्या शनिवारी सांगणार होते.

कपाटावर सरांच्या वळणदार अक्षरात, सर्वांना कळावी म्हणून इंग्रजीत, एक सूचना होती. एक, हात धुवावेत. दोन, किल्ली घड्याळामागे आहे. तीन, पानं दुमडू नयेत. दुसरी सूचना खास माझ्यासाठी होती, मी विसरतो म्हणून.

आठव्या शनिवारी सरांनी समारंभानं कपाट उघडलं. सहाही प्रती जागच्या जागी होत्या. फक्त त्यांना वर्तमानपत्राची कव्हरं चढली होती. एकीत खूण म्हणून चिंचेचा पाला, दुसरीवर सांबाराचा थेंब, तिसरीचा कणा पार ढिला झालेला. पान मात्र एकही दुमडलेलं नव्हतं. मुलं छताकडे बघत होती.

त्या कादंबरीत शास्त्रज्ञ उंदरांना अक्षरं शिकवतात, पण ते खरोखर वाचतील असं त्यांच्या मनातही येत नाही. पिंजरा कसा उघडायचा, हे मात्र पिंजऱ्यावरच लिहिलेलं असतं. उंदीर ते वाचतात आणि बाहेर पडतात.

सरांनी पुस्तक दहादा तरी वाचलेलं. ते सूचनेसमोर बराच वेळ उभे राहिले, मग खिशातून पेन काढलं. मला वाटलं, दुसरी ओळ खोडणार. त्यांनी खाली चौथी लिहिली:

'परत ठेवल्यावर कुलूप लावावं.'