जाबदेणाऱ्याला जाग येते

घटस्फोटाच्या खटल्यात बायको अर्ज करते तेव्हा ती 'अर्जदार' होते आणि नवरा 'जाबदेणार'. आमच्या संसारातही हीच वाटणी होती, त्यामुळे समन्स हातात पडलं तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. हिनं पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 खाली अर्ज टाकला होता. कारण : माझी क्रूरता.

कौटुंबिक न्यायालयांच्या 1984 च्या कायद्यात वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही, त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. याचा अर्थ मी 'वकिलाची गरज नाही' असा लावला आणि कैफियत स्वतःच लिहायला बसलो. कैफियतीत आरोपांना परिच्छेदवार उत्तर द्यायचं असतं. मी निरोपसमारंभाचं भाषण लिहिलं. 'अर्जदाराविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही' हे वाक्य इतकं आवडलं की ते दोनदा घातलं. कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्यानं विचारलं, "साहेब, शेवटी मागणी काय टाकू?" मी हात हलवून म्हटलं, "काही नको." मोठेपणा चांगलाच अंगात आला होता.

समुपदेशकांनी आम्हाला समोरासमोर बसवून पाहिलं आणि हात टेकले. मग कोर्टानं मुद्दे काढले. पहिलाच मुद्दा : 'जाबदेणाऱ्यानं क्रूरतेनं वागवलं, हे अर्जदार शाबीत करतात काय?'

ते वाचलं आणि त्या रात्री माझ्या तक्रारी एकेक करून उठून बसल्या. क्रूर मी? आणि पाहुण्यांसमोर "यांना नका विचारू, यांना काही माहीत नसतं" असं म्हणणारी कोण? माझ्या आधी पेपर वाचून कोडं सोडवून ठेवणारी कोण? ही शाळेत मराठी शिकवते. दूधवाल्यासाठी मी लिहून ठेवलेल्या चिठ्ठीतल्या वेलांट्याही लाल पेनानं सुधारून ती परत दारावर लावायची. सकाळपर्यंत वही भरली.

वही घेऊन वकीलबाईंकडे गेलो. (परवानगी मिळते. मागावी लागते, इतकंच.)

"प्रतिदावा करायचाय," मी म्हटलं.

"करता येतो. 23-अ कलम त्यासाठीच आहे. मागणी काय?"

"घटस्फोट."

"तो त्या मागतायतच की."

"तो त्यांचा झाला. मला माझा हवाय."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग दिवाणी प्रक्रिया संहिता उघडून आदेश 8, नियम 6-अ समजावला. प्रतिदाव्याचं कारण कैफियत देण्याआधी, नाहीतर निदान ती देण्याची मुदत संपण्याआधी घडलेलं पाहिजे. कैफियतीनंतरही प्रतिदावा घेणं कोर्टाच्या मर्जीत असतं, पण सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये अशोक कुमार कालरा खटल्यात सांगून टाकलंय की मुद्दे निघाले की दार बंद. तो खटला कराराचा होता, माझ्यासारख्याशी त्याचा काय संबंध, असं मी विचारून पाहिलं. संबंध होता.

मग मी तक्रारींची वर्गवारी केली. जुन्या तक्रारी कायद्यात बसत होत्या, पण त्यांना उशीर झाला होता. ताज्या तक्रारी वेळेवर आल्या होत्या, पण कैफियतीनंतर जन्मल्यामुळे बाद होत्या. चालेल अशी एकही तक्रार इतक्या वर्षांच्या संसारात निघू नये, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

तरी अर्ज केलाच. तक्रारींची यादी मी स्वतः लिहून जोडली, बाई नको म्हणत असताना.

"ही शब्दकोड्याची घटना 2011 ची दिसते," न्यायाधीश म्हणाले. "कैफियतीत का नाही?"

"तेव्हा मी मोठ्या मनानं घेतलं होतं," मी म्हणालो. वकीलबाईंनी माझी बाही ओढली.

समोरच्या वकिलांनी काहीच युक्तिवाद केला नाही. त्यांनी माझी कैफियत उघडली आणि 'कसलीही तक्रार नाही' हे वाक्य खणखणीत आवाजात वाचलं. मग पान उलटून पुन्हा वाचलं, कारण मी ते दोनदा लिहिलं होतं. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. बहुधा ही.

अर्ज नामंजूर. रोजनाम्यात एका ओळीत माझी वही आटोपली. न्यायाधीशांनी वर पाहून विचारलं, "दोघांनाही वेगळंच व्हायचंय ना? मग भांडण कशावर आहे?" कोणी कोणाला सोडलं यावर आहे, हे सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण बाही अजून बाईंच्या मुठीत होती. मग 13-ब खाली परस्परसंमतीचा विषय निघाला. सहा महिने थांबायची अट सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालापासून कोर्ट माफ करू शकतं, हेही कळलं. ही लगेच "चालेल" म्हणाली. मीही म्हणालो, पण नंतर.

बाहेर व्हरांड्यात तिनं माझ्या अर्जाची तिला मिळालेली प्रत माझ्या हातात दिली. यादीत मी जिथे जिथे 'क्रुरता' लिहिलं होतं, तिथे तिथे लाल पेनानं रु दीर्घ केला होता.

मी धावत वकीलबाईंना गाठलं. "हा बघा पुरावा! आजचा, ताजा!"

बाईंनी प्रत हातात घेऊन नीट पाहिली. "कैफियतीनंतरचा," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या अशिलाचा पुकारा झाला म्हणून आत गेल्या.