दहा वर्षं कायद्यात लिहा

ठरावीक वर्षांनी येणाऱ्या गोष्टींसाठी सरकारी इंग्रजीत भारदस्त शब्दांची रांग आहे. दोन वर्षांनी येते ती बायेनियल, पाच वर्षांनी क्विन्क्वेनियल, दहा वर्षांनी डिसेनियल. पहिल्याच शब्दाशी घोटाळा होतो. त्याचा जुळा भाऊ बायॲन्युअल म्हणजे वर्षातून दोनदा. पण मेरियम-वेबस्टरचा कोश त्याचा अर्थ दोन वर्षांतून एकदा असाही देतो. सोसायटीच्या नोटिशीत लिफ्टची ‘बायॲन्युअल तपासणी’ छापली, तर ती सहा महिन्यांनी करायची की दोन वर्षांनी? जिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, तिथे असले शब्द नकोतच.

आपल्या घटनाकारांनी ही काळजी घेतली. राज्यसभेचे एक तृतीयांश सदस्य दर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस निवृत्त होतात, असं कलम 83 सांगतं. वित्त आयोग दर पाचव्या वर्षी किंवा त्याआधी नेमायचा, असं कलम 280 सांगतं. सरळ आकडा. वित्त आयोग म्हणूनच येत राहतो.

आता डिसेनियल. जनगणनेला हे विशेषण इतकं चिकटलं आहे की दहा वर्षं कायद्यातच असतील, असं आपण धरून चालतो. 1881 पासून 2011 पर्यंत चौदा वेळा ती दहा-दहा वर्षांनी झाली, महायुद्ध चालू असताना 1941 मध्येसुद्धा. पण 1948 चा जनगणना कायदा उघडा. कलम 3 म्हणतं, केंद्र सरकारला आवश्यक किंवा इष्ट वाटेल तेव्हा जनगणना करावी. दहा हा आकडा त्यात नाहीच! 2021 ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली, हे समजू शकतं. पण साथ ओसरल्यावरही वर्षामागून वर्ष गेलं आणि कायद्याचा भंग मात्र कुठेच झाला नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 जाहीर झाली आहे. आधीची होती 1 मार्च 2011. सोळा वर्षं!

अमेरिकेच्या राज्यघटनेत दहा वर्षांची मुदत लिहिलेली आहे. तिथे 2020 ची जनगणना त्याच साथीत झाली.

आपल्याकडे या उशिराचं बिल कोण भरतं, ते रेशन कार्यालयात दिसतं. अन्नसुरक्षा कायद्याखाली धान्य किती जणांना द्यायचं, हे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेवरून ठरतं. महाराष्ट्राचा इष्टांक आहे सुमारे 7 कोटी, तोही 2011 च्या लोकसंख्येवर बेतलेला. नव्याने लग्न होऊन आलेली सून किंवा घरात जन्मलेलं मूल यांचं नाव कार्डावर चढवलं, तरी धान्य मिळेलच असं नाही. ‘इष्टांक पूर्ण झालाय’ एवढं उत्तर घेऊन माणूस परत फिरतो. पंधरा वर्षांत वाढलेली माणसं सरकारी हिशेबात नाहीत, आणि शिक्षा त्यांच्या ताटाला.

कुणी म्हणेल, आकडा लिहूनही काय होतं? मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. खरं आहे, आणि ते लाजिरवाणं आहे. गावाकडे लोक ‘गेल्या पंचवार्षिकला’ असं म्हणून काळ मोजतात. निवडणुकांऐवजी आलेल्या प्रशासकांनी शहरांना तेवढंही ठेवलं नाही. पण तिथे घटनेत पाच वर्षांचा आकडा होता. तो पुढे करून न्यायालयात भांडता आलं, आणि 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या, असा आदेश दिला. जनगणनेसाठी न्यायालयात जाणाऱ्याच्या हाती असा आकडा नाही.

म्हणून मागणी साधी आहे. कलम 3 मधलं ‘इष्ट वाटेल तेव्हा’ काढा आणि ‘दर दहा वर्षांनी’ घाला. उशीर अटळच असेल, तर त्याचं कारण आणि नवी तारीख संसदेत मांडण्याची सक्ती करा. लोकसभेत महाराष्ट्राचे 48 खासदार आहेत. यासाठी अशासकीय विधेयकाची सूचना त्यांतल्या मंत्री नसलेल्या कुणालाही देता येते.