आधी सुपारी, मग ओळख

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या मुरूमच्या बाजारात भाषेवाचून कुणाचं अडत नाही. आळंदकडचं गिऱ्हाईक आलं की दुकानदार कन्नडात भाव सांगतो, उमरग्याकडचं आलं की मराठीत. दखनी उर्दू दोघांच्याही तोंडात असते. तांड्यावरून आलेल्या बाईशी सौदा कसा करायचा, हेही त्याला ठाऊक असतं. समोरच्याच्या भाषेत शिरायला इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

हाच सीमाभाग लग्न ठरवायला बसला की मुका होतो. बैठकीत वीस माणसं बोलतात. ज्या दोघांना पुढची चाळीस वर्षं एकमेकांशी बोलायचं आहे, ती दोघं तेवढी गप्प असतात. ही रीत चुकीची आहे आणि ती बदलली पाहिजे. आज एवढंच सांगायचं आहे.

क्रम बघा. पाव्हणे येतात. पोहे होतात, चहा होतो. मुलगी येऊन बसते. नाव काय, शिक्षण किती, मामाचं गाव कुठलं? ती खाली बघून उत्तरं देते. मुलाला कुणी काही विचारत नाही. त्याची चौकशी त्याच्या पगारावर आणि एकरांवर आधीच आटोपलेली असते. फार झालं तर कुणीतरी म्हणतं, दोघांना बोलायचं असेल तर बोलू द्या. मग गच्चीवर पाच मिनिटं, आणि जिन्यात भाऊ उभा. त्यानंतर देण्याघेण्याची बोलणी आणि सुपारी. सुपारी फुटली की एकमेकांचे नंबर मिळतात आणि रात्र रात्र फोन चालतो.

म्हणजे ओळख सुरू होते ती निर्णय झाल्यावर. तिचा उपयोग काय? फोनवर तिला कळलं की तो दारू पितो, किंवा लग्नानंतर तिनं नोकरी सोडावी अशी त्याची अट आहे. त्याला कळलं की तिला हे लग्नच नको होतं, घरच्यांनी दाबून बसवलं. आता हे सांगायचं कुणाला? हॉल ठरलाय, पत्रिका छापायला गेल्यात. सोयरीक मोडली तर डाग मुलीच्या नावावर बसतो, पुढचं स्थळ येताना पहिली चौकशी तिचीच होते. म्हणून ती गप्प बसते. ज्या बोलण्यानं निर्णय व्हायला हवा होता, ते निर्णय झाल्यावर करायला लावणं हा त्या दोघांवर अन्याय आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आपल्याकडं पहिल्यापासून असंच आहे. नाही. आपल्याकडं पहिल्यापासून वेगळं होतं.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नात्यागोत्यांच्या रचनेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात उत्तर आणि दक्षिण यांच्यातला जो फरक त्यांनी दाखवला, तो मुरूमच्या माणसाला घरबसल्या कळावा असा आहे. उत्तरेत मुलगी गावाबाहेर, अनोळखी घरात द्यायची. तिथं ती परकी, म्हणून तोंडावर पदर आणि जिभेवर कुलूप. माहेरी मोकळी बोलणारी पोर सासरी मान वर करत नाही. दक्षिणेत सोयरीक नात्यातच फिरते. मुलगी ज्या घरी जाते, त्या घरात ती लहानपणापासून खेळलेली असते. महाराष्ट्र या दोन्हींच्या मधे आहे. आणि महाराष्ट्रातही मुरूम अशा जागी आहे, की दोन्ही रीती एकाच गल्लीत सापडाव्यात. मराठी घरांत मामाची मुलगी करायची चाल, म्हणजे मुलीची सासू तिची आत्या. कन्नड घरांत काही ठिकाणी खुद्द मामाशीच लग्न, म्हणजे सासू तिची सख्खी आजी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मामा-भाचीचं नातं लग्नाला निषिद्ध आहे, पण रूढी असेल तिथं सूट आहे. ती सूट याच मुलखांसाठी.

या रीतीनं बोलणं कसं घडवलं ते बघा. मामेबहिणीची थट्टा करायला पोराला परवानगी, तिलाही उलट टोला द्यायची मुभा. त्याच पोरानं शेजारच्या मुलीला वही मागितली तर संध्याकाळपर्यंत गावभर. कुणी कुणाशी हसायचं, कुणापुढं डोक्यावर पदर घ्यायचा, कुणाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, सगळं नात्यानं ठरवलेलं. प्रेम कुठं उगवेल हेही मग बऱ्याच अंशी नात्यानंच ठरवलं, कारण दोन तरुण माणसांना मोकळं बोलायला दुसरी जागाच नव्हती.

जुन्या रीतीचं गुणगान मला करायचं नाही. त्यात मामाचा हक्क होता, मुलीचा नव्हता. ओळख होती म्हणून संमती होती असं होत नाही. शिवाय जवळच्या रक्तात लग्न झालं की मुलांत आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, हे डॉक्टर सांगतात. ही लग्नं कमी व्हावीत, हेच बरं. पण ती कमी होताना एक गोष्ट आपल्या हातून निसटली. नात्यातली लग्नं गेली, तशी लग्नाआधीची ओळखही गेली. मुलगी आता पुण्यात नोकरी करणाऱ्या, तीन जिल्हे पलीकडच्या घरातल्या मुलाला दिली जाते. माणसं परकी झाली आणि बोलण्याची मुभा मात्र तेवढीच राहिली. आत्याच्या घरी जाणाऱ्या मुलीला पाच मिनिटं पुरत होती. अनोळखी घरी जाणाऱ्या मुलीला ती पुरत नाहीत.

आणि परकेपणाला आपण घाबरतो म्हणावं, तर तेही खरं नाही. १९५६ पर्यंत इकडचा उस्मानाबाद आणि पलीकडचा गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, गुलबर्गा म्हैसूरकडे गेला, उस्मानाबाद मुंबई राज्यात आला. मधे राज्याची सीमा आली, पण सोयरीक तुटली नाही. आजही आळंदची, बसवकल्याणची मुलगी इकडं सून होऊन येते. मराठी येत नसली तरी सासू म्हणते, येईल की हळूहळू. वर्षभरात येतेच. नवऱ्याशी ती कन्नडात भांडते, मुलांना मराठीत रागावते आणि घर नीट चालतं. भाषा दुसरी, राज्य दुसरं, लिपी दुसरी, तरी कुणाला संस्कृती बुडाल्यासारखं वाटत नाही.

संस्कृती बुडते ती शेजारच्या गल्लीतल्या पोरानं दुसऱ्या जातीच्या पोरीवर प्रेम केलं की. दोघांची भाषा एक, शाळा एक, ताटात भाकरी-आमटी एक. तरी तिथं कोयते निघतात. मग खरं बोला. अडचण संस्कृतीची नाही, जातीची आहे.

हे ज्या मुलखात घडतं, तिथून बसवकल्याण दूर नाही. उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की सीमा ओलांडून पुढं. बाराव्या शतकात तिथं महात्मा बसवेश्वरांच्या शरणांनी एक लग्न लावलं. मधुवरस जन्मानं ब्राह्मण, हरळय्या चर्मकार. एकाची मुलगी, दुसऱ्याचा मुलगा. कुणी पळून गेलं नव्हतं, आईबापांनी राजीखुशीनं लावलेलं लग्न होतं ते. बिज्जल राजानं दोन्ही बापांचे डोळे काढवले आणि त्यांना हत्तीच्या पायी बांधून फरफटवलं, असं परंपरा सांगते. त्यातून कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, रक्त सांडलं आणि शरण देशोधडीला लागले. एक गोष्ट मला फार बोचते. बापांची नावं सगळ्या कथा एकमुखानं सांगतात, नवरीचं नाव मात्र एका कथेत एक आणि दुसरीत दुसरं. ज्या मुलीच्या लग्नासाठी एवढं घडलं, तिचं नाव पक्कं ठेवायची गरज कुणाला वाटली नाही.

बसवजयंतीला गावोगाव मिरवणुका निघतात. निघाव्यात. पण त्याच गावांतल्या वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर पोटजातीचा रकाना असतो. बसवेश्वरांना मानणाऱ्यांनी निदान तो एक रकाना काढावा. आणि हे एकट्या लिंगायतांना सांगणं नाही. मराठा, ब्राह्मण, माळी, धनगर, बंजारा, बौद्ध, मुसलमान, ज्या समाजाचा मेळावा असेल त्या प्रत्येकाला हेच सांगणं आहे.

जगात इतरांनी काय केलं? फार लांब जायला नको. गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्ली भागात माडिया गोंडांच्या गावात गोटुल असतं. तरुण मुलंमुली तिथं जमतात, गातात, नाचतात, एकमेकांना ओळखतात. बाहेरच्यांनी त्यावर चवीचवीनं लिहिलं आणि नाकं मुरडली. पण साधी गोष्ट अशी, की तरुणांनी एकमेकांशी बोलावं म्हणून त्या समाजानं गावात जागा राखून ठेवली. आपण ज्यांना मागास म्हणतो, त्यांना हे सुचलं होतं.

लांबचं उदाहरण जपानचं. तिथं ठरवून लग्न करण्याची ‘ओमिआई’ नावाची पद्धत होती, अजूनही थोडी आहे. मध्यस्थ दोन्हीकडं फोटो आणि माहिती पोचवतो, भेट घडवून आणतो. आपल्यासारखंच. फरक पुढं आहे. भेटीनंतर कुणालाही नको असेल तर ते मध्यस्थाला सांगायचं, मध्यस्थानं ते मऊ शब्दांत दुसरीकडं पोचवायचं. कुणाचा अपमान होऊ द्यायचा नाही, हे त्याचं कामच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथं प्रेमविवाहांची संख्या ठरवलेल्या लग्नांच्या पुढं गेली. जपानी कुटुंब त्यामुळं मोडून पडलं नाही.

आपल्याकडं होकाराची सगळी तयारी असते, नकाराची काहीच नसते. मुलाकडून नकार आला तर ‘कळवतो’ म्हणून महिनाभर टांगून ठेवायचं. मुलीनं नकार दिला तर तिला शहाणपण आलं म्हणायचं. मराठी मुलीच्या नकाराचा इतिहास मोठा आहे, तो तरी आठवावा. रखमाबाईंचं लग्न लहानपणी लावलं होतं. मोठेपणी त्यांनी त्या नवऱ्याकडं नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये त्यानं मुंबईच्या कोर्टात दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये प्रकरण पैसे देऊन मिटलं, पुढं त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. एवढ्या वर्षांपूर्वी एका मुलीला जे म्हणता आलं, ते आजच्या पदवीधर मुलीला स्वतःच्या ओसरीवर म्हणता येऊ नये?

आणि पदवीपर्यंत पोचण्याआधीच जिचं लग्न उरकलं, तिचं काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण त्याहून जास्त आहे. सोळा वर्षांच्या पोरीला ‘तुला पसंत आहे का’ विचारणं म्हणजे विचारल्याचं नाटक आहे. तिला शाळेत ठेवणं, ही तिच्या संमतीची पहिली पायरी.

मुलांचंही दुःख खरं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सोलापुरात लग्न न जुळलेले तरुण फेटे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी रास्त होती. मुली जन्मू दिल्या नाहीत, त्याची किंमत ही पोरं मोजतायत. पण कायदा राबवून वीस वर्षांनी मुली येतील, आज समोर असलेल्या मुलीशी बोलायचं कसं, हे या पोरांना कुणीच शिकवलेलं नाही. शाळेत वेगळे बाक, कॉलेजात वेगळे घोळके, आणि पंचविसाव्या वर्षी एकदम सांगायचं, संसार कर.

कायद्यानं आपला वाटा बऱ्यापैकी उचललाय. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. लग्नावरून कुणाला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं तर घराची, जातीची, समाजाची परवानगी लागत नाही. मात्र १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातली तीस दिवसांची नोटीस अजून आहे. ज्यांच्या जिवाला घरच्यांपासूनच भीती आहे, त्यांची नावं महिनाभर भिंतीवर लावून ठेवणारी ती तरतूद जायला हवी.

बाकीचं काम गावाचं आणि घराचं आहे. सुपारीआधी दोघांनी निदान तीनचारदा भेटावं, उघड्यावर, जिन्यात भाऊ उभा न करता. कर्ज, दारू, आजार, नोकरी, मुलं, आईबापांची जबाबदारी यांवर त्यांनी एकमेकांना विचारावं. मध्यस्थानं नकार नीट पोचवावा आणि त्याचं कारण कुणी मागू नये. आत्या-मामांनी भांडी-दागिन्यांची यादी करण्याआधी एकदा मुलीला बाजूला घेऊन विचारावं आणि ती काय म्हणते ते बैठकीत सांगायची हिंमत ठेवावी. आणि तिनं जात ओलांडून कुणाचं नाव घेतलं, तर तिचा फोन काढून घेण्याआधी त्या मुलाला घरी चहाला बोलवावं.

तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा गाड्या फिरू लागतील, पाव्हणे येतील. या मोसमात एवढं करू: बैठकीतला पहिला प्रश्न मुलीनं विचारावा, आणि मुलानं सगळ्यांसमोर त्याचं खरं उत्तर द्यावं.