शुद्धिपत्रवाले तात्या

तात्या आपणांस ठाऊक असतीलच. पत्र्या मारुतीवरून केसरीवाड्याकडे निघालेल्या सज्जन माणसास भर रस्त्यात अडवून, त्याच्या हातातील लग्नपत्रिकेच्या ऱ्हस्वदीर्घांची मोजदाद करणारा आणि यजमानाच्या इभ्रतीस शोभेल असे शुद्धिपत्र विनामूल्य छापून देण्याची तयारी दर्शविणारा गृहस्थ प्रत्येकाच्या परिचयात एक तरी असतोच. आमच्या तात्यांनी मात्र या व्यसनाचा व्यवसाय केला, आणि तोही असा निवडला की त्याचे नाव ऐकताच पेठेतील ज्येष्ठांनी आधी त्यांच्या प्रकृतीची व मागाहून बँकेतील ठेवींची चौकशी केली. तात्या भूमिकाखेळांचे संपादक व प्रकाशक आहेत.

चारपाच जणांनी टेबलाभोवती बसावे, कोणी शिलेदार, कोणी वैद्य, कोणी हेर व्हावे, सूत्रधाराने संकट वर्णावे आणि शौर्याचा निकाल फाशांनी द्यावा, असा हा खेळ. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला तेव्हा त्याच्या पहिल्या हजार प्रती घरगुती पद्धतीनेच पेट्यांत भरल्या गेल्या होत्या. पुढे भाच्याने तिकडून त्या खेळाचे जाडजूड नियमग्रंथ धाडले, तेव्हा दिवाळी अंकांची मुद्रिते तपासण्यात हयात घालविलेल्या तात्यांनी फाशांची पुडीसुद्धा न सोडता ते अथपासून इतिपर्यंत तांबड्या शाईने वाचून काढले आणि अभिप्राय कळविला : "कल्पना उत्तम. सूची अविश्वसनीय." तो खेळ काढणाऱ्या कंपनीने १९९४ साली छापलेल्या जादूच्या वस्तूंच्या कोशात 'मेज' हा शब्द सरसकट बदलून 'विझर्ड' करण्याच्या भरात 'डॅमेज'चे 'डाविझर्ड' झाले आणि ते तसेच छापून बाजारात गेले, ही हकीकत तर तात्या शेजारच्या घरी पुरण करपल्याची बातमी सांगावी तशा हळहळत्या आनंदाने सांगतात.

अशा पूर्वतयारीनंतर त्यांनी स्वतः रचलेला खेळ पेशवाईतला असणार आणि त्यात तलवारीपेक्षा दफ्तराला मान असणार, हे ओघानेच आले. त्यातील कारकून दरवाजा फोडीत नाही. तो किल्लेदाराचा रोजमुरा अडकवून ठेवतो. ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि आठवड्याच्या आत शुद्धिपत्र क्रमांक १ निघाले. त्यात एक चूक राहिली, म्हणून क्रमांक २ निघाले, ते केवळ क्रमांक १ चे शुद्धिपत्र म्हणून. क्रमांक ३ मध्ये 'वेताळास ३ वार' याऐवजी 'वेताळास ३० वार' असे वाचावे, अशी सूचना होती. परंतु तोवर पेठेतल्या पोरांनी घाटापासून कोकणपट्टीपर्यंतचे यच्चयावत वेताळ तीन-तीन वारांत निकालात काढले होते. मेलेले वेताळ पूर्वलक्षी प्रभावाने जिवंत धरावेत काय, असा पेच उभा राहिला. तात्यांनी उभय पक्षांची कैफियत ऐकून घेतली आणि जुन्या वहिवाटीस बाध न आणता, दुरुस्तीच्या तारखेपूर्वी मेलेले वेताळ मेलेलेच समजावेत असा निवाडा दिला. तो क्रमांक ४ म्हणून छापला गेला.

ते स्वतः सूत्रधार असले म्हणजे डाव संपत नाही. एकदा ऐन अमावास्येच्या प्रसंगी एक पोरगा आवेशाने ओरडला, "मी पिशाच्चाला बोललो, थांब!" तात्यांनी फासा मुठीत धरला. "पिशाच्चाशी बोलतात. पिशाच्चाला म्हणतात. काय केलंस ते नीट सांग." पोरगा चाचरला, आणि आ वासलेले पिशाच्च व्याकरणाचा निकाल लागेपर्यंत तसेच तिष्ठत राहिले.

जमाखर्च विचारू नये. प्रती दिवाणाखाली आहेत, पाहुणे दिवाणावर बसतात. "तात्या, हा आतबट्ट्याचा व्यवहार कशासाठी?" असे मी छेडले असता त्यांनी, गायगॅक्सलादेखील १९८५ साली स्वतःच उभारलेल्या कंपनीवरचा ताबा गमवावा लागला, हे उदाहरण दिले आणि पुस्ती जोडली, "करारनाम्याचं मुद्रित त्यानं स्वतः तपासलं नसणार."

मला तात्यांचा राग येतो, आणि तो टिकत नाही याचा अधिक राग येतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून त्याचे पाणी पुण्याच्या नारायण पेठेत शिरले तेव्हा त्यांच्या वडिलांचा लहानसा छापखाना त्यात बुडाला. पाणी ओसरल्यावर शिशाचे खिळे चिखलात एकजीव झालेले होते, आणि कोवळ्या वयाचे तात्या ओसरीवर बसून ते बादलीत धूत, ऱ्हस्व उकार एका खणात आणि दीर्घ उकार दुसऱ्या खणात टाकीत होते. छापखाना पुन्हा सुरू झाला नाही. खिळे मात्र सगळे लावून झाले. ही हकीकत त्यांनी मला कधी सांगितली नाही, त्यांच्या भगिनींकडून कळली. आणि ती ऐकल्यापासून त्यांच्या शुद्धिपत्रांची थट्टा मी करतो ती जरा हात राखूनच करतो.

खेळाची प्रत घेणाऱ्या प्रत्येकाचे नाव त्यांच्या वहीत आहे, आणि नवे शुद्धिपत्र निघाले की ते स्वतः, गुडघे दुखत असतानाही, जिने चढून ते पोचवितात. सध्या क्रमांक ११ चालू आहे. तेव्हा ज्यांच्याकडे पहिल्या आवृत्तीची प्रत असेल त्यांनी तात्यांना जिना चढावयास न लावता पेठेत जाऊन ते घेऊन यावे आणि त्याच दिवशी पृष्ठ ४२ वर चिकटवावे. पुढच्या खेपेस ते प्रत उघडून पाहतात.