गॅस गेलाय, साहेब

आमचा फ्रिज बिघडला आहे की नाही, यावर घरात कधीच एकमत होत नाही. आईच्या मते तो दिवाळीपासून बिघडलेला आहे. बायकोच्या मते तो आणला त्या दिवसापासूनच असा आहे, कारण तो मी पसंत केला होता. मुलाच्या मते फ्रिजला काहीही झालेलं नाही. आत खाण्यासारखं काही नसतं, हा काही त्या बिचाऱ्याचा दोष नव्हे.

तिघांची मोजमापाची साधनंही वेगळी. आई सायीवर जाते. साय दुसऱ्या दिवशी आंबूस लागली, की फ्रिज गेला. बायको कोथिंबिरीवरून निकाल देते. मुलाची कसोटी एकच: पाण्याची बाटली तोंडाला लावली की दात शिवशिवले पाहिजेत. आणि पंचाईत अशी की तिघंही बरोबर असतात. फ्रिजला एकच एक असं तापमान नसतंच मुळी. दाराचे कप्पे सगळ्यात उबदार, कारण दर वेळी दार उघडलं की मे महिन्यातली डोंबिवली आधी तिथे शिरते. दुधाची पिशवी आपण नेमकी तिथेच ठेवतो. उलट मागच्या भिंतीत, जिथून गार हवा येते तिथे, ढकलली गेलेली काकडी दगड होते. म्हणजे एकाच वेळी दूध नासतंय आणि काकडी गोठतेय, आणि फ्रिज मात्र अगदी धडधाकट आहे, असं होऊ शकतं. पण हे घरात सांगून पाहा.

त्यात ते गोल बटण. त्यावरचे १ ते ७ आकडे म्हणजे अंश नव्हेत. आमच्या समोरच्या काकांना ते अंशच वाटतात. त्यामुळे उन्हाळा आला की ते मोठ्या विचारानं बटण ७ वरून १ वर आणतात आणि मग आठवडाभर फ्रिज बनवणाऱ्यांचा उद्धार करतात. आकडा वाढवला की गारवा वाढतो, इतकंच ते बटण सांगतं. बऱ्याच दोनदारी फ्रिजमध्ये तर आणखी एक बटण वर फ्रीझरमध्ये असतं. ते ‘जास्त गार’कडे फिरवलं की वरची हवा वरच राहते आणि खालच्या कप्प्यात कमी उतरते. म्हणजे घरातल्या कुणीतरी ‘उकाडा फार आहे’ म्हणून सद्भावनेनं ते बटण पूर्ण फिरवायचं, आणि खाली पालेभाज्यांनी माना टाकायच्या. आमच्याकडे ते बटण कोण फिरवतं, याचा शोध अजून लागलेला नाही. घरात चारच माणसं आहेत.

शेवटी मी एक तापमापक मागवला. दोन-चारशे रुपयांत मिळतो. तो नुसता कप्प्यात ठेवून उपयोग नसतो, कारण हवेचं तापमान दार उघडताच भुर्रकन बदलतं आणि आपण वाचतो ते दार उघडल्यावरच. ग्लासभर पाण्यात तो बुडवायचा, ग्लास मधल्या फळीवर ठेवायचा आणि रात्रभर वाट पाहायची. पाणी सावकाश गार होतं आणि सावकाशच तापतं, त्यामुळे सकाळी दिसतो तो आकडा खरा. खालच्या कप्प्यात तो पाचच्या आत असावा, तीन-चार असेल तर उत्तम. फ्रीझरमध्ये उणे अठराच्या आसपास.

पहिल्या दिवशी सकाळी ग्लास रिकामा आणि तापमापक चमच्यांच्या स्टँडमध्ये. “पाणीच होतं ना? प्यायलो,” मुलगा म्हणाला. दुसऱ्या रात्री मी ग्लासावर चिठ्ठी चिकटवली: ‘हे पाणी पिण्यासाठी नाही.’ ती वाचून आईनं फ्रिजमधलं काहीही खाणं दोन दिवस बंद केलं. विचारल्यावर म्हणाली, “तू आत काय ठेवलंयस ते तूच जाणे बाबा.” तिसऱ्या रात्री मात्र माप मिळालं. नऊ अंश.

म्हणजे आई बरोबर होती. हे तिला सांगायची गरज पडली नाही. तिनं ते माझ्या चेहऱ्यावरून वाचलं.

माप घेऊन भागत नाही, ओळख लागते. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन लावला की पलीकडची मुलगी अत्यंत गोड आवाजात विचारते, “सर, मॉडेल नंबर?” आपण म्हणतो, “दोनदारी आहे, करड्या रंगाचा.” तिला रंगात रस नसतो. मॉडेल नंबरचं स्टिकर बहुतेक फ्रिजमध्ये आतल्या बाजूच्या भिंतीवर, अगदी तळाशी, भाजीच्या ड्रॉवरच्या मागे असतं. म्हणजे आधी ड्रॉवर काढायचा. ड्रॉवर काढायचा म्हणजे दार पूर्ण उघडायचं. दार पूर्ण उघडायचं म्हणजे शेजारचा तांदळाचा डबा सरकवायचा. मग जमिनीवर पालथं पडून, मोबाइलची बॅटरी दातात धरून वाचायचं. पिकलेलं लिंबू, कढीपत्त्याच्या वाळक्या काड्या आणि कुठल्याशा लग्नात मिळालेला पेढ्याचा डबा यांच्यापलीकडे ते स्टिकर दिसतं. त्यावर इंग्रजी ओ आणि शून्य इतके सारखे छापलेले असतात की तो फरक फक्त छापणाऱ्याला ठाऊक. मी नंबर वाचला. पलीकडची मुलगी म्हणाली, “असं मॉडेल आमच्याकडे दाखवत नाहीये, सर.”

पूर्वी हा प्रश्न नव्हता. १९५८ साली गोदरेजनं देशी बनावटीचा फ्रिज काढला, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मध्यमवर्गीय घरात आला तो फ्रिज ओळखायला स्टिकर लागत नसे. तो एकदारी असे, १६५ लिटरचा असे आणि बाहेरच्या खोलीत असे, कारण स्वयंपाकघरात ठेवला तर पाहुण्यांना दिसणार कसा? त्याला कुलूप होतं. त्याची किल्ली आईच्या कमरेला. डोक्यावर क्रोशाचं कापड, त्यावर फुलदाणी, आणि कॉम्प्रेसर बंद होताना फ्रिज असा थरथरे की फुलदाणी इंचभर पुढे सरके. आठवड्यातून एकदा मधलं लाल बटण दाबायचं, बर्फ वितळायचा आणि खाली ठेवलेल्या ताटात पाणी साचायचं. ते ताट न सांडता मोरीपर्यंत नेणं ही घरातल्या मोठ्या मुलाची जबाबदारी होती. मोठा मुलगा मीच.

आता बटण नाही, ताट नाही. बर्फ आपोआप वितळतो, त्याचं पाणी मागच्या नळीतून खाली उतरतं आणि कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडून त्याच्याच उष्णतेनं उडून जातं. फ्रिजमधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. ती नळी मेथीच्या एका पानानं तुंबते. मग भाजीच्या ड्रॉवरखाली तळं साचतं, आणि घरात हलकल्लोळ होतो की ‘फ्रिज लीक झालाय’. थोडं कोमट पाणी आणि एक लवचीक नळकांडी, एवढ्यानं हा आजार बरा होतो. तरी त्यासाठी माणूस बोलावला जातोच.

तसा आमच्याकडेही आला. सेवा केंद्राचा नव्हे, नाक्यावरचा. आत आला, चपला काढल्या, फ्रिजवर हात ठेवला. दार उघडलं नाही, मागे वाकून पाहिलं नाही, कुठलं यंत्र लावलं नाही. हात ठेवला आणि म्हणाला, “गॅस गेलाय, साहेब.”

या तीन शब्दांवर महाराष्ट्रातली निदान निम्मी घरं दर उन्हाळ्यात पैसे मोजतात. दूध नासलं, गॅस गेला. आवाज येतो, गॅस गेला. आतला दिवा लागत नाही, तरीही एकानं मला गॅसच सांगितला होता. खरी गोष्ट अशी की फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्यांत कायमचा बंद केलेला असतो आणि वर्षानुवर्षं तोच फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या किंवा बाजूच्या भिंतीतल्या नळ्यांमध्ये तो आपली उष्णता टाकून द्रव होतो, मग बारीक नळीतून आत सुटताच उकळतो आणि उकळताना आतली उष्णता ओढून घेतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी भोक पडलेलं असणार. भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

आणि भरणार कोणता? या गॅसलाही कुळं आहेत. शंभर वर्षांपूर्वी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड अशी विषारी मंडळी असत. बर्लिनमध्ये गळलेल्या वायूनं अख्खं कुटुंब दगावल्याची बातमी वाचून खुद्द आइन्स्टाइन हळहळला आणि लिओ झिलार्डबरोबर त्यानं कॉम्प्रेसरच नसलेल्या फ्रिजचं पेटंट घेतलं. अमेरिकेत ते १९३० साली मंजूर झालं. तो फ्रिज बाजारात काही आला नाही, कारण तेवढ्यात फ्रीऑन आला. तो विषारी नव्हता, पेटत नव्हता, फक्त आभाळातला ओझोन खात होता. १९८७ च्या माँट्रियल करारानं त्याची पाठवणी केली. मग आला आर १३४ ए. तो ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवतो. आता नव्या फ्रिजमध्ये बहुधा आर ६०० ए असतो, म्हणजे आयसोब्यूटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा नातेवाईक. तो भरायचा जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण भरलेल्या नळीवर ज्योत धरणारा माणूस जाणकार हवा. एकाच्या जागी दुसरा गॅस चालत नाही. कोणता आणि किती, हे मागे कॉम्प्रेसरजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

“कुठला गॅस आहे आपला?” मी विचारलं.

“फ्रिजचाच,” तो म्हणाला.

मग मी त्याला फ्रिजच्या बाजूच्या भिंतीवर पुन्हा हात ठेवायला लावला. भिंत चांगली गरम होती. हल्लीच्या फ्रिजची बाजू गरम लागते म्हणून लोक घाबरतात. वास्तविक घाबरायचं ती गार पडली तर. कॉम्प्रेसर एकसारखा चालतोय आणि बाजू गारच, वरचा बर्फही वितळतोय, असं असेल तर गॅसवर संशय घ्यायला जागा आहे. आमच्याकडे वर बर्फ खडखडीत होता आणि खालीच नऊ अंश. म्हणजे गारवा तयार होत होता, खाली पोहोचत नव्हता.

दाराचं रबर मी आधीच तपासलं होतं. दहाची नोट दारात अर्धी अडकवायची, दार लावायचं आणि नोट ओढायची. अडली तर रबर ठीक, सुळकन आली तर ढिलं. चारी बाजूंनी करायचं. आमच्याकडे ती सगळीकडे अडली, आणि एका कोपऱ्यात इतकी अडली की फाटली. तो कोपरा आमरसाचा होता. बायको म्हणाली, “अहो, आता ही कोण घेणार?” फ्रिजचं निदान ती विसरलीच. पुढचा अर्धा तास नोटेवर गेला.

नाक्यावरचा माणूस चहा पिऊन गेला. आम्ही फ्रिज बंद करून, सामान शेजारी हलवून, दारं उघडी टाकून चोवीस तास ठेवला. मागून इतकं पाणी निघालं की तीन जुन्या धोतरांचा जीव गेला. चालू केल्यावर सकाळी तापमापक चारवर. घरात आनंदीआनंद. आठवड्यानं पुन्हा आठ. हे लक्षण मात्र पक्कं असतं: पूर्ण वितळवल्यावर सुधारतो आणि काही दिवसांनी पुन्हा ढेपाळतो, तो फ्रिज गॅसचा रोगी नव्हेच. कॉम्प्रेसर सहा ते बारा तास चालला की मागच्या नळ्यांवरचा बर्फ वितळवायला एक छोटा हीटर लागतो. तो हीटर, त्याचा टायमर किंवा त्याला बंद-चालू करणारा सेन्सर, यांपैकी एक गेला की बर्फ साचत जातो, पंख्याची वाट अडते आणि गार हवा वरच कोंडते. ‘गॅस भरून’ फ्रिज आठवडाभर चालतो त्यामागची जादू बऱ्याचदा हीच. गॅस भरायला तो दिवसभर बंद ठेवावा लागतो, तेवढ्यात बर्फ वितळतो.

कंपनीचा तंत्रज्ञ यथावकाश आला. मुलगा तरुण होता, पाठीवर सॅक. त्यानं मागचं पॅनल उघडलं, मीटर लावला, गेलेला सेन्सर हातावर घेऊन दाखवला आणि बदलला. गॅस भरायला जेवढे मागितले होते त्याच्या पाव पैशांत काम झालं. जाताना तो म्हणाला, “काका, मागे भिंतीपासून जरा जागा ठेवा. श्वास घेऊ दे त्याला.” फ्रिज सहा इंच पुढे आला. आता त्याचं दार आणि ओट्याचा ड्रॉवर एकाच वेळी उघडत नाहीत, आणि त्यालाही मीच जबाबदार आहे.

नवा घ्यावा का, यावर घरात चर्चा झाली. बायको दुकानात टेप घेऊन गेली नाही, आमचं मोठं पातेलं घेऊन गेली. विक्रेता लिटर सांगत राहिला आणि ती प्रत्येक फ्रिजमध्ये पातेलं घालून पाहत राहिली. मला यात गैर काही दिसलं नाही. कागदावरच्या लिटरमध्ये फळ्यांचे सांधेकोपरे आणि दाराच्या फटीसुद्धा धरलेल्या असू शकतात. पातेलं खोटं बोलत नाही. मी माझ्यापुरते तारे मोजले. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होत जातात, त्यामुळे जुना पाच तारेवाला आणि नवा पाच तारेवाला एक नव्हेत. लेबलवर तारे मोठे आणि वर्षाला लागणारी युनिटं बारीक छापलेली असतात. बारीक छापलेलंच वाचावं. पातेलं काही कुठल्याच फ्रिजमध्ये बसलं नाही, म्हणून जुना राहिला.

तेव्हा वाचकहो, दोनच गोष्टी करा. आज रात्री भाजीचा ड्रॉवर काढून मॉडेल नंबरच्या स्टिकरचा आणि मागच्या गॅसच्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. आणि कुणी फ्रिजवर नुसता हात ठेवून “गॅस गेलाय” म्हणालं, तर भोक कुठे आहे ते दाखवा म्हणावं. दाखवलं तर पैसे द्या. नाही दाखवलं तर चहा द्या.